पार्श्वभूमी : पिकल फाइलमध्ये क्लास नसतो, त्याचं नाव असतं

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीसाठी मी हीटच्या (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूच्या) नोंदी ठेवणारा छोटा पायथन प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक हीटचा एक ऑब्जेक्ट: धातूचं वजन, तापमान, कार्बन, सिलिकॉन. शिफ्ट सुटली की सगळी यादी पिकल करून, म्हणजे पायथनच्या स्वतःच्या पद्धतीनं साठवता येईल अशा रूपात बदलून, फाइलमध्ये. पुढे कोड आवरताना मी 'भट्टी' या मॉड्यूलचं (कोडच्या फाइलचं) नाव 'फर्नेस' करून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी एकही जुनी फाइल उघडेना. 'भट्टी' सापडत नाही, एवढीच तक्रार. आकडे शाबूत होते. क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट ज्यावरून घडतो तो कोडमधला साचा, मात्र फाइलमध्ये कधी गेलाच नव्हता. गेलं होतं ते मॉड्यूलचं आणि क्लासचं नाव.

डेटा असा साठवायला पायथनमध्ये मार्शल नावाचं मॉड्यूलही आहे, पण ते मुळात पायथनच्या स्वतःच्या .पीवायसी (कंपाइल केलेल्या कोडच्या) फायलींसाठी. नाव मॉड्युला-३ ही प्रोग्रामिंग भाषा घडवणाऱ्यांच्या बोलीतून आलेलं. आपण लिहिलेल्या क्लासचे ऑब्जेक्ट त्याला पेलत नाहीत. ते काम नव्वदच्या दशकात पिकलनं अंगावर घेतलं. (लोणचं घालून ठेवणं, नाव आपल्याकडे जास्तच पटतं.) पिकलची पहिली मांडणी, म्हणजे प्रोटोकॉल ०, नोटपॅडमध्येही बऱ्यापैकी वाचता येतो. २००३ साली पायथन २.३ बरोबर प्रोटोकॉल २ आला, २०१९ साली ३.८ बरोबर ५. वेग वाढला, आकार घटला, पण घडण तीच राहिली. पिकल फाइल म्हणजे स्टॅकवर (एकावर एक ठेवत जायच्या थप्पीवर) चालणाऱ्या चिमुकल्या यंत्राला दिलेल्या सूचना: हे नाव शोध, ते फंक्शन बोलाव, ही डिक्शनरी भर. शेवटी एक टिंब, म्हणजे थांब.

बोलवायचं फंक्शन कुठलंही असू शकतं, खरी मेख ती. परक्याची पिकल उघडणं म्हणजे त्याचा प्रोग्राम आपल्या मशीनवर चालवणं. जावा या भाषेनंही १९९७ च्या जेडीके १.१ या आवृत्तीत ऑब्जेक्ट साठवायची अशीच सोय दिली. २०१५ मध्ये अपाचे कॉमन्स कलेक्शन्स या सर्रास वापरातल्या लायब्ररीच्या आडून सर्व्हर ताब्यात घेता येतात हे गाजलं, आणि २०१८ मध्ये जावाचे मुख्य आर्किटेक्ट मार्क राइनहोल्ड यांनीच त्या सोयीला भयंकर चूक म्हटलं. मायक्रोसॉफ्टनं २०२४ च्या .नेट ९ मधून असंच काम करणारा बायनरीफॉर्मॅटर काढूनच टाकला. एआय मॉडेल घडवायची पायटॉर्च ही लायब्ररी २.६ पासून मॉडेल उघडताना मुळातच फक्त वेट्स (मॉडेलमधले आकडे) घेते.

माझ्या नव्या नोंदी जेसनमध्ये, म्हणजे नुसता डेटा ठेवणाऱ्या साध्या मजकुरात, जातात. जुन्यांसाठी 'भट्टी' नावाची एका ओळीची फाइल परत ठेवली आहे. ती 'फर्नेस'मधलं सगळं इम्पोर्ट करते, बाकी काही नाही.