हमबकर पिकअप आणि त्याचं घरगुती वायरिंग

हमबकर म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसणारा दोन कॉइलचा (तारेच्या वेटोळ्यांचा) पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग. एका कॉइलमध्ये चुंबकाचा उत्तर ध्रुव तारांकडे, दुसरीत दक्षिण, आणि कॉइलची जोडणीही एकमेकींच्या उलट, त्यामुळे तारांचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो पण ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइट वगैरेंमधून येणारा 'हम' (गुणगुण) दोन्हींत विरुद्ध येऊन कटतो.

शोध कोणाचा यावर वाद आहे. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी २२ जून १९५५ ला पेटंटसाठी अर्ज केला, पेटंट मिळालं २८ जुलै १९५९ ला, मधल्या काळात पिकअपखाली 'पेटंट अप्लाइड फॉर' असा स्टिकर लागू लागला आणि त्यावरूनच 'पीएएफ' हे नाव पडलं. दुसरीकडे रे बट्स यांनी गिटारवादक चेट ॲटकिन्ससाठी केलेला, पुढे ग्रेच कंपनीच्या गिटारींत आलेला फिल्टरट्रॉन हा तसाच पिकअप साधारण १९५४ चा मानतात. बट्स यांचं पेटंट लव्हर यांच्या महिनाभर आधी मंजूर झालं खरं, पण अर्ज १९५७ चा. मुळात कल्पना या दोघांहून जुनी, अर्नोल्ड लेस्टी यांचं पेटंट १९३० च्या दशकातलं, आणि लव्हर यांना ती अँप्लिफायरच्या चोकवरून (वीजपुरवठ्यातल्या कॉइलवरून) सुचली. त्यामुळे दोघं स्वतंत्रपणे तिथे पोचले हेच मत जास्त पटतं. गंमत म्हणजे गिब्सनच्या पुढच्या स्टिकरवर छापलेला नंबर २,७३७,८४२ हा पिकअपचा नाहीच, तो गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसच्या (तारांची टोकं अडकवायच्या भागाच्या) पेटंटचा. नक्कल करणाऱ्यांना चकवायला मुद्दाम छापला असं सांगतात, साधी चूक असणंही तितकंच शक्य आहे.

घरी सगळ्यात जास्त केलं जाणारं काम म्हणजे कॉइल स्प्लिट: पुश-पुल पॉट (ओढता येणारा, आत स्विच असलेला व्हॉल्यूम किंवा टोनचा कंट्रोल) ओढला की एक कॉइल ग्राउंडला जोडली जाऊन बंद होते, आवाज पातळ आणि थोडा कमी होतो, हम परत येतो. याला सर्रास 'टॅप' म्हणतात ते चूक, टॅप म्हणजे एकाच कॉइलच्या मधूनच वायर बाहेर काढणं. स्प्लिटला चार वायरवाला पिकअप लागतो. जुन्या पद्धतीच्या जाळीदार एका वायरच्या पिकअपमध्ये दोन कॉइलचा जोड टेपखाली असतो, तो उघडावा लागतो, आणि ४२ गेजची ती तार केसाएवढी बारीक असल्याने एका झटक्यात तुटते, मग कॉइल पुन्हा गुंडाळावी लागते. म्हणून आधी मल्टिमीटर लावून बघायचं: जुन्या घाटणीचा हमबकर साधारण ७ ते ९ किलोओहम दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर कॉइल कुठेतरी ओपन, म्हणजे तुटलेली.

हमबकरला पॉट सहसा ५०० के (किलोओहम) लावतात, सिंगल कॉइल पिकअपला २५० के, टोनचा कपॅसिटर बहुधा ०.०२२ मायक्रोफॅरड. टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला जोडला तर ते 'फिफ्टीज वायरिंग', आवाज कमी केला तरी ट्रेबल बऱ्यापैकी टिकतो. पॉटच्या पाठीवर सोल्डर करताना आधी तिथे सँडपेपर मारा आणि सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवू नका, आतला कार्बन ट्रॅक जळतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते हे ठीकच आहे, वाढली तर मात्र जॅकच्या दोन वायर उलट लागल्यात का ते आधी पाहा. पॉट, स्विच, वायर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात, फक्त पॉटच्या दांड्याची जाडी आणि दाते आपल्या नॉबला बसतात ना ते नॉब सोबत नेऊन तिथेच बघावं.