जुन्या संगणकावरचा घरगुती साठवण सर्व्हर

घरात पडून असलेल्या डेस्कटॉपवर किंवा लॅपटॉपवर साठवणीसाठी बनवलेली कार्यप्रणाली टाकून, त्यातील हार्ड डिस्क घरातल्या सर्व फोन, टीव्ही आणि संगणकांना राउटरमार्फत एकाच वेळी वापरता येईल अशी करण्याची पद्धत. अशा यंत्राला सर्रास ‘नॅस’ (नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवण) म्हणतात. मांडणी झाल्यावर त्याला मॉनिटर, कीबोर्ड, माउस काही लागत नाही. राउटरशेजारी तो चोवीस तास चालू राहतो आणि त्याचा कारभार दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून पाहता येतो.

नाशिकमध्ये लग्नांचे चित्रीकरण करणारे, पत्रिका आणि वार्षिक अहवाल जुळवणारे डीटीपीवाले, फवारणीच्या नोंदी आणि निर्यातीची कागदपत्रे सांभाळणारे निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार, आणि २०१५च्या सिंहस्थापासूनचे फोटो तीन-चार फोन व पेनड्राइव्हांत विखुरलेली साधी घरे, या सर्वांना हा उपाय लागू पडतो. जुनी यंत्रेही आता मुबलक आहेत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चालू स्थितीतले कितीतरी ‘सीपीयू’, म्हणजे संगणकाच्या पेट्या, माळ्यावर गेले. साठवणीच्या कामाला त्यांची ताकद पुरून उरते.

पूर्वपीठिका : नेटवर्कवरून फाइल वाटून घेण्याचा एसएमबी हा संकेत १९८०च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाला आणि पुढे विंडोजचा भाग बनला. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२च्या सुमारास त्याचा मुक्त अवतार लिहिला. तो म्हणजे सांबा. लिनक्स यंत्र विंडोजला शेजारच्या फोल्डरसारखे दिसते ते सांबामुळे. ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी २००५ मध्ये फ्रीबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीवर फ्रीनॅस ही नॅसची प्रणाली सुरू केली, जिचे आजचे रूप ट्रूनॅस आहे. फ्रीनॅसवर काम केलेल्या फोल्कर थाइले यांनी २०११ मध्ये डेबियन लिनक्सवर आधारलेले ओपनमीडियाव्हॉल्ट आणले. दोन्ही विनामूल्य मिळतात.

यंत्राची निवड : नव्याने हात घालणारा प्रथम प्रोसेसर आणि रॅमची चौकशी करतो. खरे तर घरातल्या चार जणांना फाइल देणे हे प्रोसेसरला अगदी हलके काम आहे. प्रोसेसर ६४-बिट असावा एवढीच खरी अट, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२-बिट संगणकांवर नवी स्थापना करता येत नाही. कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे डेस्कटॉप या अटीत बसतात. ओपनमीडियाव्हॉल्टला १ जीबी रॅमही चालते. ट्रूनॅस मात्र झेडएफएस या फाइलप्रणालीवर उभे असल्याने किमान ८ जीबी मागते. दोन-चार जीबीच्या यंत्रावर ट्रूनॅसचा हट्ट धरू नये. फोटोंमधले चेहरे ओळखणारे इमिच किंवा टीव्हीसाठी चित्रपटांचे रूपांतर करणारे जेलीफिन त्याच यंत्रावर चालवायचे असेल तरच चांगला प्रोसेसर आणि जास्त रॅम कामी येते.

पैसे घालायचे ते डिस्कमध्ये. दहा वर्षे जुना मदरबोर्ड मेला तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावता येते. दहा वर्षे जुनी डिस्क मेली तर तिच्यातले जाते. म्हणून जुन्या सीपीयूत असलेली डिस्क एकुलत्या एका प्रतीसाठी कधीच वापरू नये. वापरायचीच झाली तर आधी तिची स्मार्ट चाचणी, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेल्या प्रकृतीच्या नोंदींची तपासणी, घ्यावी. त्यात ‘रिअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळींत शून्य असावे. पेंडिंगचा आकडा वाढत चालला असेल तर डिस्क बाद समजावी, मग ती वरवर कितीही सुरळीत चालो. नवी घेताना दुकानदाराला ती सीएमआर आहे की एसएमआर हे विचारावे; हे डिस्कवर लिहिण्याचे दोन प्रकार, त्यातला सीएमआर घ्यावा. एसएमआर प्रकारात डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे सलग मोठे लेखन रेंगाळते आणि बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवताना फार वेळ जातो. कॅनडा कॉर्नर किंवा एमजी रोड परिसरातल्या दुकानात हा प्रश्न ऐकून विक्रेता अडखळला तर मॉडेल क्रमांक लिहून घेऊन उत्पादकाच्या तक्त्यात पाहावा.

कार्यप्रणाली वेगळ्या लहान एसएसडीवर टाकावी आणि मोठ्या डिस्क फक्त डेटाला ठेवाव्यात. याचा एक आडफायदाही आहे : जुना बायोस (संगणक सुरू करणारी मदरबोर्डवरची प्रणाली) २ टीबीहून मोठ्या डिस्कवरून सहसा बूट होत नाही, पण बूट एसएसडीवरून केल्यास तीच डिस्क जीपीटी मांडणीने पूर्ण वापरता येते. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, जुना आणि स्वस्तातला असेल तर तो बदलावा. त्यातून येणारी बिघडलेली वीज एकदम सगळ्या डिस्क घेऊन जाऊ शकते.

वीज आणि जागा : ४० वॅट ओढणारा डेस्कटॉप चोवीस तासांत ०.९६ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे २९ युनिट खातो. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतर दराचा टप्पा बदलतो. जे घर आधीच त्या रेषेवर आहे, तिथे हे २९ युनिट महागड्या दराने पडतात. १२ वॅटचा लॅपटॉप महिन्याला ९ युनिटच्या आत राहतो आणि त्याची बॅटरी लहानशा यूपीएसचे काम करते. पण लॅपटॉपमध्ये डिस्कला जागा बहुधा एकच असते, आणि सतत चार्जरवर राहून बॅटरी फुगण्याचा धोका असतो. टचपॅड उचललेला दिसला तर बॅटरी तत्काळ काढावी.

लाइट जाणे हा इथला नेहमीचा प्रसंग, तालुक्याच्या गावांत तर अधिकच. लिहिणे चालू असताना वीज गेली की फाइल अर्धवट राहते. घरात इन्व्हर्टर असल्यास त्याचा खटका यूपीएस स्थितीवर ठेवावा. दुसऱ्या स्थितीत बॅटरीवर जाण्याच्या क्षणी संगणक बंद पडू शकतो. संगणकासाठी स्वतंत्र यूपीएस आणि त्याची यूएसबी वायर जोडणे अधिक चांगले, म्हणजे बॅटरी उतरू लागताच सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. वीज परतल्यावर आपोआप चालू होण्याची सोय बायोसमध्ये असते. जुन्या मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल संपलेला असतो आणि वीज जाताच हीच सोय पुसली जाते. सेल बदलणे हे या सबंध प्रकल्पातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा विसरले जाणारे काम आहे.

एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा चाळिशीकडे जातो. लाकडी कपाटात बंद केलेल्या यंत्राच्या डिस्क त्या काळात तापतात. त्यांचे तापमान पंचेचाळिसाच्या आसपास किंवा खाली राहावे. कॅबिनेटमधली धूळ ब्लोअरने काढणे, पंख्यांत तेल घालण्यापेक्षा पंखे बदलणे आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट नवी लावणे एवढ्याने बहुतेक यंत्रे शांत होतात.

जोडणी : नॅसला राउटरमधून लॅन वायरच द्यावी, वायफाय नव्हे. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या जाड भिंतींतून वायफाय तसेही फारसे जात नाही. गिगाबिट जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, १०० मेगाबिटवर सुमारे ११ एमबी. ४ जीबीची लग्नाची क्लिप पहिल्या वेगाने पाऊण मिनिटाच्या आत जाते, दुसऱ्याने सहा मिनिटे घेते. गिगाबिटला वायरीतल्या आठही तारा लागतात. केबलवाल्याने चारच जोडल्या असतील तर यंत्र कितीही चांगले असो, वेग १०० वरच अडकतो. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा नेमून द्यावा, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर घरातली माणसे ‘झेड ड्राइव्ह’ (विंडोजमध्ये सर्व्हरच्या फोल्डरला दिलेले नाव) शोधत बसतात.

मराठी फाइलनावे : विंडोजमध्ये फाइलच्या नावाला २५५ अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलप्रणालींत ती २५५ बाइटची आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे मराठी नावाला जेमतेम ८५ चिन्हे उरतात. गाव, नात्यातली नावे, प्रसंग आणि तारीख एकाच नावात भरण्याची सवय असलेल्या घरात विंडोजवर नीट असलेली फाइल नॅसवर जाताना नाकारली जाते, आणि कॉपी पूर्ण झाली असे समजून कोणी मूळ पुसले तर ती हाती लागत नाही. नावे आखूड ठेवावीत आणि तपशील फोल्डरमध्ये विभागावा.

डीटीपीच्या जुन्या कामाला आणखी एक काळजी लागते. युनिकोडपूर्वीच्या काळात श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या फाँटवर केलेला मजकूर त्या फाँटशिवाय निरर्थक खुणांसारखा दिसतो. अशा फाइलबरोबर तिची पीडीएफ आणि फाँटचे नाव लिहिलेली एक साधी टेक्स्ट फाइल ठेवली नाही, तर डिस्क शाबूत राहूनही स्मरणिकेतला मजकूर गेलेला असेल. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांकडच्या नामावळ्यांत आपल्या घराण्याची पाने सापडल्यावर त्यांचे फोटो काढून आणणारी कुटुंबे आहेत. ती पाने फोनच्या गॅलरीत नव्हे, नावासह अशा जागी असावीत.

रेड आणि दुसरी प्रत : डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८च्या निबंधातून अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची रेड ही कल्पना रूढ झाली. घरगुती नॅसमध्ये सहसा रेड १ पुरतो : दोन डिस्कवर तेच लिहिले जाते आणि एक मेली तरी काम चालू राहते. इतकेच त्याचे काम. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते, खंडणीखोर व्हायरस दोन्हीकडे सारखाच कुलूप लावतो आणि चोर अख्खे कॅबिनेट नेतो. रेड म्हणजे बॅकअप ही समजूत या विषयातली सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. दोनच डिस्क घेण्याइतके पैसे असतील तर रेड न करता एक सर्व्हरमध्ये आणि दुसरी बाहेर ठेवावी.

बाहेर म्हणजे दुसऱ्या वस्तीत. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ या दोन्ही दिवशी गोदावरीचे पाणी सराफ बाजार, भांडी बाजार भागात शिरले होते. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर आले यावरून पुराचा अंदाज घेणाऱ्या शहरात, रामकुंडाजवळच्या तळमजल्यावरच्या सर्व्हरची दुसरी प्रत त्याच इमारतीत ठेवण्यात अर्थ नाही. इंदिरानगरच्या बहिणीकडे किंवा नाशिकरोडच्या मित्राकडे एक कूटबद्ध केलेली यूएसबी डिस्क द्यावी आणि दर सणाला ती आणून ताजी करावी. अधूनमधून तिच्यातली एखादी फाइल उघडून पाहावी.

बाहेरून वापर : घराबाहेरून फाइल पाहण्यासाठी राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याचे क्रमांकित दार) उघडू नये, एसएमबीचे ४४५ तर मुळीच नाही. मे २०१७ मध्ये पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातूनच शिरला होता. ती आवृत्ती नॅसवर बंद ठेवावी. जुना टीव्ही तिच्याशिवाय फोल्डर दाखवत नसेल तर टीव्हीला जेलीफिनमधून द्यावे. आपल्याकडच्या अनेक इंटरनेट जोडण्यांत घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच मिळत नाही, त्यामुळे पोर्ट उघडूनही बऱ्याचदा उपयोग नसतो. वायरगार्ड या कूटबद्ध खासगी जोडणीच्या तंत्रावर चालणारी टेलस्केलसारखी सेवा सर्व्हर आणि फोन दोन्हीवर टाकली की पुण्यातल्या मुलीला घरचे फोल्डर सुरक्षितपणे दिसते. घरातल्या प्रत्येकाला वेगळे खाते द्यावे. आजी-आजोबांच्या खात्याला जुन्या फोटोंवर फक्त वाचण्याची मुभा ठेवणे हा त्यांच्यावरचा अविश्वास नव्हे; बोट चुकून लागले तरी काही जाणार नाही याची ती खात्री आहे.

निरुपयोगी भाग : बदललेला एसएमपीएस, मृत डिस्क आणि फुगलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ प्रमाणे एसएमपीएस आणि डिस्क यांचे पुनर्चक्रण नोंदणीकृत केंद्रामार्फत व्हावे लागते; बॅटरीला वेगळे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ लागू होतात. चालू डिस्क देण्याआधी तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्ये लिहावीत, कारण साध्या फॉरमॅटनंतरही फोटो परत काढता येतात. बंद पडलेल्या डिस्कच्या तबकड्यांना ड्रिलने भोके पाडावीत.