कीडरोधक जाळी (परसबागेतील)

भाजीच्या वाफ्यावर किडी उतरू नयेत म्हणून ताणून बसवलेली बारीक छिद्रांची जाळी. ती किडीला मारत नाही, फक्त वाट अडवते. त्यामुळे कोणती कीड अडवायची हे आधी ठरते आणि त्यावरून छिद्राचे माप. पक्ष्यांसाठीच्या 15–20 मिमी जाळीचा इथे उपयोग नाही. शेडनेट सावलीच्या टक्क्यावर विकली जाते. त्या आकड्यावरून छिद्र कळत नाही.

कोबीवर अंडी घालणाऱ्या पांढऱ्या फुलपाखरांना 7 मिमीची जाळीही पुरते. चौकोनी ठिपक्यांचा पतंग व पिसू भुंगेरे यांच्यासाठी सुमारे 0.8 मिमी छिद्र लागते, नागअळीच्या (पानाच्या आत नागमोडी रेषा पोखरणाऱ्या अळीच्या) माशीसाठी 0.6, माव्यासाठी 0.35, पांढऱ्या माशीसाठी 0.27, तर फुलकिड्यांसाठी 0.15–0.19 मिमी.

दुकानात माप ‘मेश’मध्ये सांगतात, म्हणजे एका इंचात किती छिद्रे. इंचाला (25.4 मिमी) या आकड्याने भागून जे येते त्यातून धाग्याची जाडी वजा करावी लागते. 40 मेशमध्ये 25.4 ÷ 40 = 0.635 मिमी, धागा 0.22 मिमीचा असेल तर मोकळे छिद्र जेमतेम 0.41 मिमी उरते. छिद्र लांबट असेल तर अरुंद बाजू मोजावी, कारण कीड अडते ती तिथेच.

मात्र जितकी बारीक तितकी चांगली, हा समज चुकीचा आहे. बारीक जाळीत हवा कमी खेळते, आत उष्णता व दमटपणा वाढतो आणि बुरशीजन्य रोग बळावतात. पालेभाज्या आणि कोबीला बहुधा 0.8 मिमी योग्य ठरते. 50 मेश जाळी मिरची-टोमॅटोच्या रोपवाटिकेसाठी राखावी. तिथे पांढऱ्या माशीने आणलेला, पाने आकसवणारा पर्णगुच्छ विषाणू कोवळेपणीच रोप निकामी करतो.

माप घेताना कमानीचा घेर धरावा. 1 मीटर रुंद, 3 मीटर लांब वाफ्यावर 50 सेंमी उंच अर्धवर्तुळाकार कमानी लावल्यास घेर 1.57 मीटर होतो. दोन्ही बाजूंना मातीत दाबण्यासाठी 30-30 सेंमी धरले, की रुंदी सुमारे 2.2 मीटर. लांबीत दोन्ही टोकांना उंचीचे 50 आणि दाबायचे 30 सेंमी मिळवून 4.6 मीटर. जाळी पानांना टेकू देऊ नये; टेकलेल्या जागी फुलपाखरू बाहेरूनच अंडी घालते. पेरणी किंवा लावणी झाली की त्याच दिवशी झाकावे. उशिरा झाकलेल्या वाफ्यात कीड आतच कोंडली जाते.

मावा सर्वांत फसवा. मादी नराशिवाय पिले देते, म्हणून एखादी आत शिरली तरी पुरे. वर तिला खाणारे ढालकिडे जाळीबाहेर राहतात. आठवड्यातून एकदा पानांची मागची बाजू पाहावी. पिसू भुंगेरे, नागअळी यांच्या काही अवस्था मातीत असतात. त्याच कुळातले पीक त्याच वाफ्यात पुन्हा घेतले, तर कीड जाळीखालूनच बाहेर येते.

वेलभाज्यांना मधमाशी हवी. भोपळा, काकडी, कारले यांची फुले सकाळी उमलतात, दुधी-दोडक्याची संध्याकाळी. मादीफूल दिसताच त्या वेळी जाळी उघडावी किंवा हाताने परागीकरण करावे. टोमॅटो, वांगी, मिरची जाळीतही धरतात. टोमॅटोची फुलावर आलेली झाडे दुपारच्या आत हलकी हलवली, तर फळधारणा सुधारते.

घेताना अतिनील किरणांना टिकणारी एकतंतू (एकाच अखंड तंतूच्या धाग्याची) पॉलिएथिलीन जाळी पाहावी. पॉलिएस्टरची मच्छरदाणी तात्पुरती चालते, पण उन्हात लवकर विरते.