एका सेटमध्ये दोन शब्द: बसवायचा तो आणि मोजायचा तो

गेल्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघराची फरशी बदलली. चार दिवस घरभर धूळ, दारात वाळूचा ढीग आणि कानावर सारखा एकच शब्द. मिस्त्री बजावून सांगत होते, "ताई, सिमेंट सेट होईपर्यंत इकडे पाय टाकायचा नाही." आईचा जीव टी-सेटमध्ये अडकलेला. सहा कपांपैकी पाच अजून धड आहेत आणि ते खोक्यात नीट भरलेत की नाही, हे ती तासातासाला बघत होती. आतल्या खोलीत दार लावून भाची सेटचा अभ्यास करत होती. तेवढ्यात जिन्यातून वर जाणाऱ्या काकूंनी विचारलं, "काय गं, तुझा भाऊ झाला का बेंगळुरूला सेट?"

भाचीचा सेट आधीच बाजूला करते, कारण तो शब्दच नव्हे. सहायक प्राध्यापक व्हायचं तर जी राज्य पात्रता परीक्षा द्यावी लागते, तिच्या इंग्रजी नावातली तीन आद्याक्षरं आहेत ती. उरलेले तीन मात्र खरे. मी भाषांतरं करून पोट भरते, त्यामुळे या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली, तेव्हा त्यातली सगळ्यांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. ४३० हून अधिक अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्दांचा मजकूर. मराठीत एवढ्या शब्दांत एक बऱ्यापैकी जाड कादंबरी होते. पुढे कोशाची नव्याने उजळणी सुरू झाली आणि 'रन'ने त्याला मागे टाकलं, पण सेटचा दरारा कमी झाला नाही.

हा आकडा ऐकून विद्यार्थी हात टेकतात. टेकायचं कारण नाही. सेट हा एक शब्द नाहीच. एकाच सदऱ्यात दोन माणसं शिरावीत तसे ते दोन शब्द आहेत, दोन वेगळ्या घरांतून आलेले. एक बसवायचा, दुसरा मोजायचा.

बसवायचा सेट जुन्या इंग्रजीतला, अस्सल घरचा. त्याचं 'सिट'शी नातं काय, हे इंग्रजी माध्यमातल्या मुलांना नियम पाठ करून शिकवतात आणि ती दर परीक्षेत चुकतात. मराठी माणसाला ते एका दमात कळावं. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. आपल्या व्याकरणात ज्याला प्रयोजक क्रियापद म्हणतात ते. बाळ बसतं, आई बाळाला बसवते. बसण्याला कर्म लागत नाही, बसवण्याला लागतं. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी हाच हिशेब आहे. फरक एवढाच की आपण 'व' घालून नवं रूप उघडपणे करतो आणि इंग्रजीने फार पूर्वी आतला स्वर बदलून ते केलं. ती रीत आता मेली आहे, पण तिची हाडं शिल्लक आहेत. 'फॉल' म्हणजे पडणे, 'फेल' म्हणजे पाडणे, आणि आजही इंग्रज झाड पाडतो तेव्हा ते 'फेल'च करतो. (नापास होण्याचा फेल निराळा, त्याचा इथे संबंध नाही.) मला सगळ्यांत आवडते ती 'ड्रिंक' आणि 'ड्रेंच' ही जोडी. ड्रेंच म्हणजे चिंब भिजवणे, असं आपण शाळेत शिकतो. मुळात त्याचा अर्थ पाजणे. गुरांच्या डॉक्टरांच्या भाषेत तो अजून जिवंत आहे. गाईची मान वर धरून, बांबूच्या नळकांड्याने औषध तिच्या घशात ओतायचं, त्याला ते ड्रेंचिंग म्हणतात. पिणे-पाजणे, पडणे-पाडणे, बसणे-बसवणे. आमच्या गावाकडच्या गोठ्यात इंग्रजी व्याकरणाचा हा अख्खा धडा रोज घडायचा, कुणाला पत्ता नव्हता.

मूळ आणखी मागे नेलं तर संस्कृतातला 'सद्' धातू भेटतो. सीदति म्हणजे बसतो, सादयति म्हणजे बसवतो. सिट आणि सेट हे याच जोडीचे युरोपात वाढलेले चुलत भाऊ. सदन, परिषद, उपनिषद आणि संसद ही आपल्याकडची भावंडं. आपलं 'बसणे' मात्र या कुळातलं नाही. ते 'उपविश्'पासून 'बैसणे' होत होत आलं. म्हणजे अर्थ तंतोतंत जुळतो आणि रक्ताचं नातं नाही, शेजाऱ्यांचं असतं तसं.

आता मोजायचा सेट. टी-सेट, डिनर सेट, सोफासेट, डब्यांचा सेट, गळ्यातल्या-कानातल्याचा सेट. हा बाहेरून आला. जुन्या फ्रेंचमधून, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला 'सेक्टा'. सेक्टा म्हणजे एखाद्याच्या मागून चालणाऱ्यांचा गट, आपण ज्याला पंथ म्हणू तो. आधी माणसांचा गट, मग वस्तूंचा. इंग्लंडात आल्यावर त्याचा उच्चार आणि स्पेलिंग घरच्या सेटसारखं झालं, आणि लोकांनाही वाटू लागलं की एकत्र मांडून ठेवलेलं ते सेट, म्हणजे हा त्याच क्रियापदाचा पोरगा असणार. दत्तक मुलगा हळूहळू चेहऱ्यानेही घरच्यांसारखा दिसायला लागतो, तसंच झालं. सेक्टाच्या मुळाशी 'मागून जाणे' असा अर्थ असलेला जो लॅटिन धातू आहे, त्याचा संस्कृत भाऊ 'सच्'. सोबत असणे, साथ देणे. त्यापासून आपल्याकडे सचिव झाला. तेव्हा दिल्लीतली संसद एका सेटची नातलग आणि मंत्रालयातला सचिव दुसऱ्याचा. ही गोष्ट मला कळली त्या दिवशी मी उगाचच दोन-तीन जणांना फोन करून सांगितली. कुणाला विशेष वाटली नाही.

मराठीत या दुसऱ्या सेटला सरळ प्रतिशब्द आहे, संच. सरकारी मराठीला आपण बरीच नावं ठेवतो, पण 'दूरचित्रवाणी संच' म्हणताना तिने अचूक ओळखलं होतं की टीव्ही सेटमधला सेट सुट्या भागांच्या जुळणीचा आहे. नववीच्या गणितात पहिलाच धडा संचाचा, तोही हाच. टेनिसमधला सेट म्हणजे गेमांचा संच, निदान सहा जिंकल्याशिवाय तो खिशात पडत नाही.

दोघांत घोळ झालाच तर मी एक साधी युक्ती वापरते. त्या जागी 'संच' घालून बघायचं. बसला तर दुसरा, नाही बसला तर पहिला. सिनेमाचा सेट घ्या. पडदे, खांब, खोटी भिंत, खोटा जिना असं पुष्कळ काही तिथे असतं, म्हणून तो संच वाटतो. पण सिनेमाचा संच असं कुणी म्हणत नाही. आपण सेट लावतो, उभारतो, मोडतो. रंगमंचावर देखावा नेऊन बसवायचा, त्या क्रियापदातून हा सेट निघाला. म्हणजे नाटकवाले जेव्हा म्हणतात, नाटक महिनाभरात बसवलं आणि सेट शेवटच्या आठवड्यात लावला, तेव्हा एकाच वाक्यात ते दोनदा तेच बोलत असतात. दोन्ही सेट एका जागी पाहायचे असतील तर दंतवैद्याकडे जा. कवळी हा दातांचा सेट, आणि तो जबड्यात बसवणं हेही सेट करणंच.

'बसवणे' हाती आलं की चारशेतली बरीच गर्दी पांगते. अंगठीत खडा बसवतात, निखळलेलं हाड बसवतात, केस बसवतात. कोंबडीला अंड्यांवर बसवतात. इंग्रजीत ती कोंबडी 'सिट' करते की 'सेट' यावर शेतकऱ्यांचं आणि मास्तरणींचं एकमत होत नाही, आपल्याकडे ती खुडूक झाली की प्रश्न मिटला. क्रिकेटमधला सेट बॅट्समन म्हणजे ज्याचा जम बसला तो. काकूंच्या प्रश्नातला सेटही तोच, नोकरी-बिऱ्हाडाचा जम बसणे. तिथे खरं तर त्यांना 'सेटल' म्हणायचं होतं, पण तोही शब्द याच घरातला, बसायच्या जागेवरून आलेला. तेव्हा काकू चुकल्या असं मी म्हणणार नाही.

पण सगळीकडे बसवून चालत नाही. गजर आपण लावतो. सापळा लावतो, आग लावतो, गाण्याला चाल लावतो. पानं मांडतो. नियम घालून देतो. प्रश्नपत्रिका काढतो. इंग्रजी या प्रत्येक ठिकाणी सेट म्हणून मोकळं होतं. दह्याचं बघा. दुकानातल्या कपावर सेट दही लिहिलेलं असतं, म्हणजे विरजलेलं दूध कपात ओतून तिथेच न हलवता लागलेलं दही. आपल्या घरी दही लागतं. ते बसत नाही, जमत नाही, सेट तर मुळीच होत नाही. इंग्रजीच्या 'सेट'ला मराठीत बरोबरीचा गडी शोधायचा तर तो 'बसवणे' नव्हे, 'लागणे-लावणे' हाच. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नाद लागतो आणि वेळही लागतो. एखाद्या इंग्रज बाईने मराठी शिकायला घेतली तर ती 'लागणे'पाशी तशीच हात टेकेल.

खरा पेच पुढे आहे. सेटला कर्म लागतं हा नियम सूर्याने मोडला. इंग्रजीत सूर्य 'सेट' होतो आणि त्याला कुणी बसवत नाही. आपल्याकडे तो मावळतो, बुडतो, कलतो. तीच गोष्ट जेलीची आणि सिमेंटची. इथे सेट स्वतःच सिटची खुर्ची बळकावून बसला आहे, आणि 'सेट म्हणजे बसवणे' एवढंच पाठ केलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. सिमेंटच्या बाबतीत त्या शब्दाला नेमका, मोजता येणारा अर्थ आहे. पाणी पडल्यावर रासायनिक क्रिया सुरू होते आणि लगदा आपला मऊपणा सोडतो. प्रयोगशाळेत व्हिकॅटच्या उपकरणाची सुई त्यात सोडून बघतात, किती खोल जाते ते. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आपलं भारतीय मानक सांगतं की पहिलं सेटिंग ३० मिनिटांच्या आत सुरू होता कामा नये आणि शेवटचं ६०० मिनिटांच्या आत झालं पाहिजे. ताकद येणं ही निराळी गोष्ट, ती पुढे कित्येक दिवस पाणी मारत राहिल्यावर येते. सेट झालं म्हणजे पक्कं झालं असं मी समजत होते. मिस्त्रींनी हसून दुरुस्त केलं, "सेट म्हणजे नुसतं धरलं, ताई. पक्कं व्हायला वेळ आहे."

याहून महाग पडणारा घोटाळा सेटच्या शेपटांत असतो. 'सेट असाइड'चं घ्या. महिन्याच्या पगारातून काही रक्कम सेट असाइड केली, म्हणजे बाजूला काढून ठेवली, जपली. कोर्टाने खालच्या कोर्टाचा आदेश सेट असाइड केला, म्हणजे रद्द ठरवला, निकालात काढला. एकात राखणं, दुसऱ्यात मोडणं. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी एका निकालपत्राच्या भाषांतरात 'आदेश बाजूला ठेवण्यात येत आहे' असं लिहून दिलं. वाचणाऱ्या वकिलाला वाटलं, सुनावणी पुढे ढकलली. नशीब, कागद बाहेर जायच्या आधी त्यांनी मूळ इंग्रजी पाहिलं. तेव्हापासून कोर्टाचा सेट असाइड दिसला की माझा हात आपोआप 'रद्दबातल' लिहितो.

'सेट ऑफ'ही तसाच. सहलीला सेट ऑफ म्हणजे निघणे, फटाका सेट ऑफ म्हणजे उडवणे, आणि प्राप्तिकराच्या विवरणात तोटा सेट ऑफ म्हणजे नफ्यातून वळता करणे. फौजदारी कायद्यातही तो होता. १९७३ च्या दंड प्रक्रिया संहितेचं कलम ४२८ सांगायचं की खटला चालू असताना आरोपीने कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून सेट ऑफ व्हावेत. म्हणजे वजा. इथे कुणी 'निघाले' लिहिलं तर कैद्याचे दिवस कुठे निघाले, हे शोधत बसावं लागेल.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फरशी बसवून झाली. मिस्त्रींनी उंबऱ्यात दोन विटांवर आडवी फळी टाकली, हात धुतले आणि आईला सांगितलं, रात्रभर कुणी आत जायचं नाही. आई हो म्हणाली. नऊ वाजता ती फळीवर गुडघे टेकून, हात लांब करून, टी-सेटचं खोकं आतल्या ओट्यावर बसवायच्या प्रयत्नात सापडली.