विकाऊ जीवाश्म हाडांच्या तुकड्यांची ओळख पडताळणं

जीवाश्म हाडाचा तुकडा विकायला ठेवताना त्यावर ज्या प्राण्याचं नाव लावलेलं असतं, तो खरंच त्याच प्राण्याचा आहे का हे तपासणं म्हणजे ओळख पडताळणं. नकली हाड हा वेगळा विषय. इथे हाड खरंच असतं, जुनंही असतं, फक्त नाव भलत्याचं चिकटलेलं असतं. टायरॅनोसॉरस रेक्स म्हटलं की भाव चढतो, एडमोंटोसॉरस (एक शाकाहारी डायनासोर) म्हटलं की उतरतो आणि दोघांची हाडं एकाच थरात सापडतात, त्यामुळे शंका असेल तेव्हा नाव कुठल्या बाजूला घसरणार हे सांगायला नको. दर वेळी लबाडीच असते असं मात्र नाही, बरेचदा विकणाऱ्याने ज्याच्याकडून घेतलं त्याने जे सांगितलं तेच तो पुढे सांगत असतो.

तुकड्यावरून नाव ठरवताना फसणं आजचं नाही. १६७७ मध्ये रॉबर्ट प्लॉटने इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या एका मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचं चित्र छापलं, आधी हत्तीचा विचार केला आणि शेवटी ते राक्षसी माणसाचं ठरवलं. १७६३ मध्ये रिचर्ड ब्रूक्सने त्याच चित्राला, निव्वळ आकार बघून, माणसाच्या अंडकोषाचं लॅटिन नाव देऊन टाकलं! हाड बहुधा मेगॅलोसॉरस या मांसाहारी डायनासोरचं होतं असं आता मानतात, पण मूळ तुकडाच हरवलाय.

पहिला प्रश्न हाडाकडे न बघताच विचारायचा असतो, कुठून आलं? आणि देश किंवा राज्य सांगून भागत नाही, फॉर्मेशन म्हणजे खडकाचा नेमका थर कळायला हवा. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात हेल क्रीक नावाचं फॉर्मेशन आहे आणि जुडिथ रिव्हर नावाचंही आहे. हेल क्रीक साधारण ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं, तिथे टी. रेक्स मिळतो. जुडिथ रिव्हर साधारण ७.९ ते ७.५ कोटी वर्षांपूर्वीचं, तेव्हा टी. रेक्स जन्मालाच आला नव्हता, तिथले मोठे शिकारी म्हणजे त्याचे भाऊबंद, गॉर्गोसॉरस आणि डास्प्लेटोसॉरस. म्हणजे लेबलवर जुडिथ रिव्हर आणि टी. रेक्स एकत्र दिसले तर हाड हातात न घेताही काहीतरी चुकलंय हे कळतं, आणि नुसतं 'मॉन्टाना' लिहिलं असेल तर काहीच कळत नाही. फ्लोरिडाचं त्याहून सोपं आहे, तिथे उघडे पडलेले सगळ्यात जुने खडकसुद्धा डायनासोर संपल्यानंतरचे आहेत, त्यामुळे तिथल्या नदीतून काढलेलं काळंभोर जड हाड 'डायनासोरची बरगडी' म्हणून दाखवलं तर ती बहुतेक वेळा डुगाँगच्या जातकुळीतल्या समुद्री सस्तन प्राण्याची निघते. या प्राण्यांच्या बरगड्या आतून पोकळ नसतात, भरीव आणि वजनदार असतात. रंगावर तर जाऊच नये, काळा, तपकिरी किंवा निळसर रंग मातीतल्या खनिजांमुळे येतो, वयामुळे नाही.

मोरोक्कोच्या केम केम थरांतला माल बाजारात भरपूर असतो आणि तिथली हाडं बहुतेक सुटी सुटी सापडतात, सांगाडा जोडलेला क्वचितच. तरी लेबलांवर नावं मात्र ठासून लिहिलेली. डेल्टाड्रोमियस या डायनासोरचंच बघा, १९९६ मध्ये त्याचं वर्णन ज्या सांगाड्यावरून झालं त्यात कवटीच नव्हती, तरी डेल्टाड्रोमियसचे दात म्हणून दात विकले जातात. ज्याचा जबडाच माहीत नाही त्याचा दात कशाशी ताडून बघितला, हे विकणाऱ्याला विचारून बघावं.

मग येतो आकार. सांध्याचं टोक, मणका, दात आणि नखी यांत ओळखीच्या खुणा असतात, लांब हाडाच्या मधल्या दांडीच्या तुकड्यात जवळजवळ नसतात. मणक्याचा गोल भाग बराच बोलका असतो. इक्थिओसॉरस, मोसासॉर आणि प्लेसिओसॉर हे जुने समुद्री सरपटणारे प्राणी. इक्थिओसॉरस आणि मासे यांच्यात तो दोन्ही बाजूंनी खोलगट, मोसासॉरमध्ये पुढून खोलगट आणि मागून फुगीर, प्लेसिओसॉरमध्ये टोकं जवळपास सपाट आणि खालच्या अंगाला बहुधा दोन बारीक भोकं. हेल क्रीकमधला चॅम्पसोसॉरस नावाचा मगरीसारखा दिसणारा प्राणी असाच घोटाळा करतो, त्याचा मणका छोट्या डायनासोरचा म्हणून खपून जातो, पण मज्जारज्जू जातो त्या खाचेच्या तळाशी वाळूच्या घड्याळासारखा आकार दिसला की प्रकरण मिटतं. कासवाच्या पाठीचे खड्डे-खड्डे असलेले तुकडे आणि मगरीच्या अंगावरची हाडाची चकती हे दोन्ही 'चिलखती डायनासोर' होऊन फिरतात. हॅड्रोसॉरच्या (बदकासारख्या तोंडाच्या शाकाहारी डायनासोरच्या) पाठीतले हाड झालेले स्नायुबंध पेन्सिलीसारखे लांब असतात, त्यांना बरगडी म्हणून विकतात.

'पोकळ म्हणजे थेरोपॉड' हा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो, थेरोपॉड म्हणजे टी. रेक्सच्या गटातले दोन पायांवर चालणारे डायनासोर. थेरोपॉडच्या पायाची हाडं पोकळ असतात हे खरं, पण मगर, हॅड्रोसॉर, सस्तन प्राणी यांच्या लांब हाडांतही मज्जेची पोकळी असतेच, आणि टेरोसॉर या उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या हाडाची भिंत तर कागदासारखी पातळ. त्यामुळे पोकळी आहे का एवढं बघून उपयोग नाही, भिंत हाडाच्या जाडीच्या मानाने किती आहे, आतली जाळी कशी आहे हे बघावं लागतं, आणि त्यासाठी तुटलेल्या कडेचा फोटो हवा, जो नेमका दिलेला नसतो. फोटो असतो तो चकचकीत बाजूचा, बाजूला मोजपट्टीही नाही.

जोडकामही ओळख बिघडवतं. १९९६ मध्ये नाव मिळालेला इरिटेटर हा डायनासोर घ्या, कवटी व्यापाऱ्यांकडून घेतलेली, तिचं तोंड प्लास्टर लावून लांब केलेलं होतं आणि ते लक्षात आल्यावर अभ्यासकांना झालेल्या वैतागावरूनच हे नाव पडलं. १९९९ मध्ये गाजलेला आर्किओरॅप्टर नावाचा जीवाश्म तर वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे चिकटवून बनवलेला निघाला, त्याची शेपटी मायक्रोरॅप्टर या छोट्या डायनासोरची होती. अतिनील दिव्याखाली बरेचसे गोंद आणि रेझिन हाडापेक्षा वेगळे चमकतात, म्हणून दोन तुकड्यांच्या सांध्यावर तो दिवा मारून बघतात.

या सगळ्यातून एक उलटा हिशोब निघतो, तुकडा जितका लहान आणि नाव जितकं नेमकं, तितका विश्वास कमी ठेवायचा. 'थेरोपोडा इंडेट.' म्हणजे थेरोपॉड, पण पुढे ठरवता येत नाही, असं लिहिणारा विक्रेता मला जास्त भरवशाचा वाटतो. 'सीएफ.' लिहिलं असेल तर अर्थ 'याच्यासारखं दिसतं' एवढाच. आणि नावंसुद्धा हलतात. १९८८ मध्ये नाव मिळालेला नॅनोटायरॅनस कित्येक वर्षं टी. रेक्सचं पिल्लू मानला गेला, २०२५ च्या अभ्यासाने तो वेगळा प्राणी असल्याचं मांडलं, त्यामुळे हेल क्रीकच्या छोट्या टायरॅनोसॉर हाडांच्या लेबलवर कुठलं नाव आहे, हे ते लेबल कधी लिहिलं यावरही अवलंबून आहे.

नाव चुकीचं निघालं तरी जुनी चिठ्ठी फेकत नाहीत. थर, जागा, कोणी कधी काढलं ही माहिती बहुधा तिच्यावरच असते आणि ती एकदा गेली की हाड बघून परत मिळवणं फार अवघड. नव्या नावाची चिठ्ठी वेगळी लिहून, तारीख टाकून, जुनीच्या सोबत ठेवतात.