म्यानातला गंज

अमेरिकेच्या पश्चिमेकडे सरकत्या सरहद्दीवरचा चाकू म्हटलं की बहुतेकांना जिम बोवी या साहसवीराचं ते भलंमोठं पातं आठवतं. १८२७ साली मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर झालेल्या मारामारीने ते गाजलं. पण बीव्हर या नदीकाठच्या केसाळ प्राण्याच्या कातड्यांमागे डोंगर पालथे घालणाऱ्यांचा रोजचा चाकू अगदी साधा असे, जवळपास खाटकाची सुरीच. तो इंग्लंडमधल्या शेफील्डहून येई, किंवा पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन रसेलने १८३४मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातून. पातं विकतचं, म्यान मात्र बऱ्याचदा घरी शिवलेलं. आणि मला विचाराल तर खरं रसायनशास्त्र त्या म्यानातच आहे.

आधी पातं. या पोलादात साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन असतो. ते सुमारे ८०० अंशांना तापवून तेलात किंवा पाण्यात विझवलं, की कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकांत अडकून पडतात. पातं कमालीचं कडक होतं, पण ठिसूळही. म्हणून ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास शेकतात. घासून लख्ख केलेल्या पात्यावर फिकट गवती पिवळा रंग उतरला, की लोहार थांबतो. हा रंग म्हणजे ऑक्साइडचा अतिपातळ थर. थर जाड होत गेला की रंग तपकिरी, जांभळा, निळा असा बदलतो. तापमापक नसलेल्या भट्टीत याहून चांगली खूण कुठली?

या पोलादात क्रोमियम नाही, त्यामुळे ते गंजतं. (न गंजणारं पोलाद १९१३ साली त्याच शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांना गवसलं.) गंजाला लागतं पाणी आणि हवा. चामडं हवेतलं पाणी शोषून धरून ठेवतं, त्यामुळे पात्याला सर्वांत धोकादायक जागा म्हणजे त्याचं स्वतःचं म्यान.

कुठलं चामडं, यावरही बरंच ठरतं. मूळ अमेरिकन जमाती हरणाचं कातडं त्याच्याच मेंदूने मऊ करत. मेंदूतली चरबी तंतूंमध्ये शिरते आणि ते एकमेकांना चिकटत नाहीत. मग ते धुरावर धरलं की धुरातली आल्डिहाइडं नावाची रसायनं तंतूंना आपसात बांधतात, आणि भिजून वाळल्यावरही चामडं पुन्हा मऊ करता येतं. दुसरी रीत झाडाच्या सालीची. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तीच. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाला घट्ट धरतं. हेच टॅनिन ओलाव्यात लोखंडाला भेटलं, की निळसर काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची काळी शाई होते ती याच क्रियेने. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, चामडं मात्र त्या शिकाऱ्यांनी पाहिलंच नाही. त्या पद्धतीचं पहिलं यशस्वी पेटंट १८८४चं. त्या चामड्यात आम्ल आणि क्षार राहिले, तर पात्याला खड्डे पडतात, म्हणून आजही म्यानाला साल-कमाईचंच चामडं घेतात.

त्याचा आणखी एक फायदा आहे. कोमट पाण्यात भिजवलं की ते लवचीक होतं. चाकू प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत घालायचा, बोटांनी चामडं दाबत पात्याच्या कडा उमटवायच्या आणि सावलीत वाळू द्यायचं. पाण्यामुळे सरकलेले तंतू वाळताना नव्या जागी पक्के होतात. उकळतं पाणी मात्र नको. कोलॅजेन आकसतं आणि म्यान कडकडीत, वाकडंतिकडं होतं.

शिवताना दोन थरांच्या मध्ये, धारेच्या बाजूला चामड्याची एक पट्टी घालतात. ती नसेल तर चाकू आत-बाहेर होताना धार थेट टाक्यांवर चालते. टाकेही दोन सुयांचे: दोऱ्याची दोन्ही टोकं प्रत्येक छिद्रातून उलटसुलट जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत.

मुक्कामाला पोचल्यावर पातं पुसून, तेलाचा हात फिरवून, म्यानाबाहेर ठेवायचं. म्यान फक्त वाटेपुरतं.