ग्रहांचा संच: उघडण्याआधी पालकांसाठी

हा संच आम्ही साधारण 5 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी तयार केला आहे. पहिल्याच दिवशी ग्रहांची नावं पाठ करून घेऊ नका, ही आमची विनंती. नावं खेळता खेळता तोंडात बसतात. आकार आणि अंतर मात्र हाताने मोजल्याशिवाय उमगत नाही. पुस्तकातली चित्रं नेमकी तिथेच फसवतात, कारण पानावर मावावेत म्हणून ग्रह एकमेकांना खेटून काढलेले असतात.

सुरुवात निळ्या क्लेने करा. मुलाकडून त्याचे साधारण सारखे 50 तुकडे करून घ्या. वेळ लागेल, लागू द्या. थोडे लहानमोठे झाले तरी चालतील. एक तुकडा बाजूला ठेवून उरलेले 49 मळून त्यांचा एक गोळा वळा. ही पृथ्वी, आणि तो एकटा तुकडा म्हणजे चंद्र. आता विचारा, ‘चंद्र किती लांब धरशील?’ बहुतेक मुलं तो जवळच धरतात. खरं अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे 30 पट आहे. गोळा 4 सेंटिमीटरचा झाला असेल, तर चंद्र 1 मीटर 20 सेंटिमीटरवर जातो. उत्तर आधी सांगू नका. मोजपट्टी मुलाच्याच हातात द्या.

दोरीचं लाल टोक म्हणजे सूर्य. पृथ्वीचा मणी 10 सेंटिमीटरवर बांधा. त्या मापाने बुध 4, शुक्र 7, मंगळ 15 सेंटिमीटरवर येतात. मग एकदम उडी: गुरू 52, शनी 96, युरेनस 192 आणि नेपच्यून थेट 3 मीटरवर. मणी फक्त जागा दाखवतात. या मापाने सूर्यच 1 मिलिमीटरपेक्षा लहान होईल, म्हणून आकारांचा खेळ आम्ही मुद्दाम वेगळा ठेवला आहे. त्यासाठी पुठ्ठ्याच्या चकत्या आहेत: पृथ्वी 1 सेंटिमीटरची, गुरू 11 सेंटिमीटरचा. सूर्याची चकती खोक्यात मावत नाही. 109 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ जमिनीवर खडूने आखा.

दिवस-रात्रीसाठी अंधाऱ्या खोलीत टॉर्च मुलाच्या छातीच्या उंचीवर ठेवा, डोळ्यांवर नको. मुलाने जागेवरच डावीकडे हळूहळू फिरायचं. प्रकाश छातीवर असेल तेव्हा दिवस, पाठीवर गेला की रात्र. मग उजवीकडे फिरायला सांगा: शुक्र असा उलटा फिरतो, त्यामुळे तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. त्याची स्वतःभोवतीची एक फेरी 243 दिवसांची, तर सूर्याभोवतीची 225 दिवसांची. मुलांना हे फार आवडतं.

प्लूटोचा मणी हरवलेला नाही. 2006 पासून तो बटुग्रह गणला जातो, म्हणून मणी आठच आहेत.

मणी लहान आहेत. 3 वर्षांखालच्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका. खऱ्या सूर्याकडे मुलांना कधीही थेट पाहू देऊ नका, गॉगल लावूनही नाही. खेळ झाल्यावर क्ले झाकण घट्ट लावून ठेवा, नाहीतर ती वाळते.